चिंकारा पाहायला गेलो तो शनिवार

हरणं पाहायला जायची कल्पना माझी होती आणि हरणांशी तिचा काही संबंध नव्हता. मला नवऱ्याला अशा ठिकाणी न्यायचं होतं, जिथून तो उठून जाऊ शकणार नाही. घरात विषय काढला की त्याला झोप यायची, नाहीतर ऑफिसचा फोन यायचा, नाहीतर दूध उतू जायला आलेलं असायचं. सुप्याजवळ वनखात्याचं एक छोटं अभयारण्य आहे, चिंकारा जातीच्या हरणांसाठी राखलेला माळ. तिथे हॉटेल नाही, मोबाइलला रेंज नाही आणि एप्रिलमध्ये सावलीही नाही. माझ्या कामाला याहून सोयीची जागा पुण्याच्या आसपास नव्हती.

मला त्याच्याकडून एकच उत्तर हवं होतं. आमच्या मुलीला त्याने कुठे पुरलं?

आदल्या वर्षी सातव्या महिन्यात ती पोटातच गेली. ऑपरेशन करावं लागलं. मी अर्धवट गुंगीत असताना नर्सने कापडात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या गालाजवळ आणलं आणि परत नेलं. मला त्या कापडाची निळी किनार आठवते, चेहरा आठवत नाही. पूर्ण शुद्धीवर आले तेव्हा नवरा पलंगाशी उभा होता आणि त्याच्या बुटांना ओली माती लागलेली होती. 'कुठे?' एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, "सगळं नीट झालं." आणि बूट बाहेर काढून ठेवायला गेला.

इतक्या लहान जिवाला आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात, हे मला ठाऊक होतं. कुठे पुरलं ते आईला सांगत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. माझी आई कसबा पेठेतून रोज डबा घेऊन दवाखान्यात यायची. तिला विचारलं तर तिने माझे केस विंचरणं थांबवलं नाही. म्हणाली, "ते विचारायचं नसतं. आईला कळलं की तिचे पाय सारखे तिकडे वळतात. मग ती संसारात राहत नाही." मी म्हटलं, हा कायदा कुणी केला? "तुझ्या-माझ्या आधीच्या बायकांनी," आई म्हणाली आणि वेणी घट्ट बांधली. मी इंजिनिअर झाले होते, स्वतःच्या पायावर उभी होते, आणि माझ्या मुलीचा पत्ता जगात एका माणसाला माहीत होता आणि तो माणूस माझ्याच घरी जेवत होता. मला याचा इतका संताप यायचा की कधी कधी भांडी घासताना ताटली हातात वाकायची.

आम्ही दोघंही खराडीत नोकरीला होतो, वेगवेगळ्या कंपन्यांत. राहायला नदीच्या अलीकडे, हडपसरला. मी दिवसा, तो रात्री. माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्याचं काम सपोर्टचं, म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीची यंत्रणा बंद पडू नये म्हणून इथे रात्रभर जागायचं. तो यवतमाळकडचा. इथे येऊन त्याने बोलणं बरंचसं बदललं होतं, पण दमला किंवा घाबरला की 'करून राहिलो', 'काहून' सगळं परत यायचं.

त्याच्या कामात पाळी बदलताना हँडओव्हर देतात. काय झालं, काय अडलंय, कशावर लक्ष ठेवायचं, ते जाणाऱ्याने येणाऱ्याला तोंडी सांगायचं, आणि येणारा 'घेतलं' म्हणेपर्यंत जाणाऱ्याने खुर्ची सोडायची नाही. लग्नानंतर गमतीत आम्ही ते घरी आणलं. सकाळी मी चपला घालता घालता सांगायचे, दूध तापवलंय, सिलेंडर हलका लागतोय, टाकीत पाणी कमी आहे. तो दारात उभ्या उभ्या म्हणायचा, "घेतलं." संध्याकाळी तो निघताना उलट. पहिल्या वर्षी 'घेतलं' म्हणताना मिठी असायची. बाळ गेल्यावर मिठी गेली आणि दूध, सिलेंडर, पाणी राहिलं.

त्यातच तो सकाळी उशिरा यायला लागला. सातला सुटणारा माणूस, मी निघायच्या अगदी बेतात यायचा. दिवाळीनंतर खराडीहून नदी ओलांडून हडपसरला येणारा नवा रस्ता सुरू झाला. रुंद, गुळगुळीत, मधल्या दुभाजकात कण्हेर लावलेली. माझी कॅब त्याच रस्त्याने जायची. मला तो फार आवडला. घरी आल्या आल्या मी सांगितलं, "वीस मिनिटं वाचतात, वीस! आता तूसुद्धा लवकर येशील." त्यावर त्याने मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी उशिरा यायला लागला. बाहेर दुसरी कुणी असेल असं मला एकदाही वाटलं नाही. असती तर निदान भांडायला काहीतरी हातात आलं असतं. मला वाटायचं, याला घरी यावंसं वाटत नाही, माझं तोंड बघावंसं वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचं तोंड बघितलं की मातीचे बूट दिसायचे.

म्हणून मी ठरवलं. शनिवारी विचारायचं. सांगितलं नाही तर रविवारी कसबा पेठ, आईकडे, कायमची. बॅग भरून कपाटावर ठेवली होती. त्याला ती दिसली होती. त्याने तिच्यावरची धूळ पुसली, पण विचारलं नाही.

शुक्रवारी रात्रीची पाळी करून तो शनिवारी सकाळी सुटणार होता. गाडी त्याच्याकडेच होती, म्हणून मी रिक्षाने खराडीला गेले आणि त्याच्या ऑफिसच्या फाटकाशी उभी राहिले. तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मी म्हटलं, "झोप आली असेल तर राहू दे." माझ्या आवाजात राहू देण्यासारखं काही नव्हतं, आणि ते त्याला कळलं. "चल," तो म्हणाला. माझ्या पिशवीत दशम्या आणि चटणी होती, त्याच्या पाठीवर ऑफिसची सॅक.

नव्या रस्त्याने दहा मिनिटांत सोलापूर रोडला लागलो असतो. त्याने गाडी मुंढव्याच्या जुन्या पुलाकडे घातली. पुलावर नेहमीप्रमाणे ट्रक, टेम्पो, म्हशी, आणि त्यांच्यामागे आम्ही. मी म्हटलं, "एवढा रस्ता बांधलाय सरकारने, तो काय फक्त बघायला?"

"सवय आहे इकडची," तो म्हणाला.

"सवयीने माणूस रात्री झोपतोसुद्धा. ती सवय नाही लागली तुला."

त्याने गिअर बदलला. लोणी काळभोर मागे पडलं. पुढे यवतला चहासाठी थांबलो. टपरीवर पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि घेतल्या नाहीत, कारण घरून भरून आणलेलं पाणी असताना विकतचं घेणं आमच्या पेठेत उधळेपणात मोडतं. नवऱ्यानेही पाहिलं आणि घेतल्या नाहीत. चौफुल्याला वळलो आणि सुप्याकडे निघालो.

अभयारण्याच्या फाटकावर खाकी शर्टातला एक माणूस कडुनिंबाखाली बसला होता. त्याने चिठ्ठी फाडली आणि विचारलं, "पानी हाय का संगं? आत काय बी मिळत न्हाई."

"हो," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. सकाळपासून आमचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट होती.

आत माळ होता, नुसता माळ. वाळून पिवळं पडलेलं गुडघाभर गवत, मध्ये मध्ये हिवर आणि बोरी, आणि वर पांढरं झालेलं आभाळ. एक चंडोल सरळ वर जाऊन बोलत होता, तेवढाच आवाज. पायवाटेने आम्ही हरणं बघायला बांधलेल्या मनोऱ्यापर्यंत गेलो. वर चढून नवरा डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. त्याला प्राण्यांचं मनापासून वेड. यवतमाळकडे लहानपणी जंगल दाराशी होतं, असं तो सांगायचा. "ते बघ," तो एकदम म्हणाला. मला आधी काही दिसलं नाही. मग गवताचाच एक तुकडा हलला आणि त्याला काळी शेपटी फुटली. ती सारखी हलत होती, उजवीकडे, डावीकडे. चार चिंकारा होते. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी काहीतरी उमटलं, आणि मला ते बघवेना. माझा जीव तुटत असताना हा माणूस हरणं बघून खूश होऊ शकतो, असं माझ्या मनात आलं. आज आठवलं की त्याची दया येते. तेव्हा फक्त राग आला.

"जवळ जाऊ," मी म्हटलं.

खाली उतरून आम्ही पायवाट सोडली. चिंकारा पळत सुटत नव्हते. थोडं जायचे, थांबायचे, वळून बघायचे, पाय आपटायचे आणि पुन्हा थोडं जायचे. आम्ही त्यांच्यामागे. एका ओढ्याची कोरडी घळ उतरलो, दुसरी चढलो. गवताची कुसळं सलवारीत घुसत होती. मागे पाहिलं तर मनोरा दिसेना. अभयारण्य काही फार मोठं नाही, पण सगळे हिवर सारखे आणि सगळं गवत सारखं, आणि सूर्य बरोबर डोक्यावर. हरणं केव्हा दिसेनाशी झाली ते आमच्या लक्षातही आलं नाही.

"पाणी दे," मी म्हटलं.

"तुझ्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे दशम्या आहेत. पाणी तू भरलंस."

"भरलं ना. काल निघताना भरून ओट्यावर ठेवल्या बाटल्या. तू सकाळी घेऊन येशील म्हणून."

"त्या मी पाहिल्या. मला वाटलं त्या घरातल्या, आपल्या तू गाडीत टाकल्यास."

बाटल्या हडपसरला ओट्यावर होत्या, काठोकाठ भरलेल्या. काल संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा तो निघून गेलेला होता, पहिल्यांदाच, दारात न थांबता. बॅग कपाटावर दिसल्यापासून त्याला माझ्यासमोर उभं राहवत नव्हतं. एकमेकांचं तोंड चुकवायच्या नादात आम्ही तो एक हँडओव्हर टाळला होता.

"बोललो असतो तर कळलं असतं," तो म्हणाला.

तो हे पाण्याबद्दल बोलत होता. पण माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी हातातली पिशवी गवतात फेकली. "बोललो असतो तर! तू मला बोलण्याबद्दल सांगतोस? वर्ष झालं. माझी मुलगी कुठे आहे ते तू बोलला नाहीस आणि बाटल्यांबद्दल बोलायला हवं होतं म्हणतोस?"

"आता नको. आधी गाडी शोधू."

"आताच. सांगितल्याशिवाय मी इथून हलत नाही."

"ऊन बघ किती आहे. चल ना."

"नाही."

आणि मी खरंच खाली बसले, उन्हात, तापलेल्या मुरमावर. इतका हट्ट मी लहानपणीसुद्धा केला नव्हता. घसा इतका कोरडा पडला होता की गिळताना टोचत होतं. मला मरणाची भीती वाटत होती आणि उठावंसंही वाटत नव्हतं. तो माझ्यासमोर उभा होता. मग त्याने कपाळावर हात ठेवला, एक पाऊल बाजूला टाकलं आणि तो झोकांडला. तो पडला नाही, हळूच खाली बसला आणि कुशीवर कलंडला. रात्रभर जागलेला, पोटात फक्त टपरीवरचा चहा, आणि मी त्याला एप्रिलच्या दुपारी माळावर आणून कोंडीत पकडलं होतं.

माझा सगळा राग एका क्षणात भीतीत गेला. मी हाका मारल्या. आजूबाजूला कुणी नव्हतं. मोबाइल काढला, त्यावर एकही काडी नव्हती. तो डोळे उघडून माझ्याकडे बघत होता, पण अंग तापलं होतं आणि घाम येत नव्हता. मी त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला ओढत एका हिवराखाली नेलं. हिवराची सावली म्हणजे चाळणीची सावली. ओढणी त्याच्या डोक्यावर धरून मी चारी बाजूंना बघत होते. माझ्या मनात एकच चालू होतं. हा गेला तर ती जागा कायमची गेली. आणि लगेच दुसरं, हा गेला तर मी कुणावर रागवायचं? नवरा मरेल, ही भीती तिसरी आली. ती आली तेव्हा मात्र मी मोठ्याने रडायला लागले.

रडताना उताराच्या खालच्या बाजूला काहीतरी चमकलं. वनखातं उन्हाळ्यात जनावरांसाठी सिमेंटच्या पसरट बशा भरून ठेवतं, पाणवठे म्हणतात त्यांना. मी त्याला उठवलं, खांद्यावर घेतलं आणि आम्ही तिथवर गेलो. वीतभर पाणी होतं, हिरवट, काठावर मधमाश्या बसलेल्या. मी ओढणी बुडवून त्याच्या मानेवर, छातीवर, डोक्यावर पिळली. पुन्हा बुडवली, पुन्हा पिळली. मग ओंजळीने आम्ही दोघंही ते पाणी प्यायलो. त्याला लेंड्यांचा वास होता. त्याहून गोड पाणी मी आयुष्यात प्यायले नाही.

बऱ्याच वेळाने त्याचा श्वास खाली बसला. बशीच्या पलीकडे, लांब, एक चिंकाऱ्याची मादी उभी होती आणि तिच्या पोटाशी पाडस. आम्ही तिच्या पाण्यापाशी बसलो होतो म्हणून ती थांबली होती. पाडस पुढे येऊ बघायचं आणि ती मानेने त्याला मागे सारायची. दोघंही आम्हाला बघत होती.

"उठू या," तो पुटपुटला. "त्यांना पिऊ दे."

आम्ही थोडं दूर सरकून बसलो. मादी आली, आधी स्वतः प्यायली नाही, मान वर करून आमच्याकडे लक्ष ठेवून राहिली. पाडस प्यायलं. नवरा ते बघत होता आणि त्याच्या तोंडातून आवाज फुटला. माणसाचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. हरणं उधळून गेली.

"तुझ्या आईने शपथ घातली होती मले," तो म्हणाला. "दवाखान्याच्या जिन्यात. म्हणाल्या, जावईबापू, तिला जागा सांगायची नाही, तिच्या गळ्याची शपथ आहे. कळलं तर ती सारखी जाईल तिथे, हातची जाईल. मी हो म्हटलं. तू आत तशी पडलेली. मी कशालाही हो म्हटलं असतं."

"मग?"

"मग काय. तू जाशील म्हणून तुले नाही सांगितलं. आणि मीच जाऊन राहिलो."

मला क्षणभर कळेना.

"रोज. सुटलो की तिथेच जायचो. दहा मिनिटं बसायचो. कधी जास्त. नदीकाठी जुनी जागा होती गावाची, लहान लेकरांची. बाभळी होत्या चार. एका बाभळीखाली मी दगड ठेवला होता, पांढरा. आईने तिथे जाऊ नये, हे सगळ्यांना सुचलं. बापाचं कुणाला सुचलंच नाही."

वर्षभर मी ज्या उशिराला दोष देत होते, तो हा होता. मी त्याचा हात धरला. तो अजून गरम होता. मला वाटलं, आता संपलं. जागा आहे, दगड आहे, आज परत जाताना आम्ही दोघं जाऊ, फुलं घेऊ. मी तसं म्हटलंही. "आज जाऊ. मला दाखव. मी आईला सांभाळते, शपथेचं मी बघते."

त्याने मान हलवली. "नाही दाखवता येत."

"का?"

"दिवाळीच्या आधी एका सकाळी गेलो तर बाभळी नव्हत्या. जेसीबी उभे होते. मुरूम टाकून सपाट केलं होतं सगळं. मी विचारलं तिथल्या माणसाला, इथे लेकरं होती. तो म्हणाला, आम्हाला काही सांगितलं नाही साहेब. तेव्हापासून सुटलो की जुन्या पुलावर उभा राहून तिकडे नुसता बघत राहतो." त्याने मुठीत मुरूम घेतला आणि सोडून दिला. "तू म्हणत होती ना, वीस मिनिटं वाचतात?"

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. दिवाळीपासून रोज सकाळ-संध्याकाळ मी त्या रस्त्याने गेले होते. कॅबमध्ये खिडकीशी बसून मी कण्हेर बघितली होती. मैत्रिणींना सांगितलं होतं की हा रस्ता झाला आणि माझं आयुष्य सोपं झालं. घरी येऊन त्याच्यासमोर ताट ठेवताना त्या रस्त्याचं कौतुक केलं होतं, आणि त्याने ते मान खाली घालून ऐकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी लांबच्या जुन्या पुलावरून घरी आला होता.

"तुले काय सांगणार होतो मी," तो म्हणाला. "आधी शपथ होती. मग जागाच नव्हती."

मी ओरडले नाही. अंगात तेवढं पाणी उरलं नव्हतं. ऊन कलल्यावर मनोऱ्याचं टोक दिसलं आणि त्याच्या दिशेने चालत निघालो. फाटकावरचा खाकी शर्टवाला आमची तोंडं बघून उठला, आपला माठ पुढे केला आणि म्हणाला, "दिसली का हरनं?" नवरा म्हणाला, "दिसली." आम्ही माठ जवळजवळ रिकामा केला.

येताना चौफुल्याला जेवलो. त्याने थोडंसं खाल्लं. मी म्हटलं, डोळे उघडे राहत असतील तरच चालव. तो म्हणाला, राहतात. हडपसरला आमच्या इमारतीकडे वळायच्या ऐवजी त्याने विचारलं, "जायचं?" मी हो म्हटलं.

नव्या रस्त्यावर तो पहिल्यांदाच गाडी घालत होता. दिवे लागायच्या सुमाराची वेळ, दोन्हीकडून गाड्या. पूल ओलांडल्यावर त्याने वेग कमी केला, मागच्यांनी हॉर्न वाजवले. कडेला गाडी थांबवून तो उतरला. मीही उतरले. तो आधी नदीकडे बघायचा, मग पुलाच्या कठड्याकडे, मग पावलं टाकून थांबायचा आणि परत मागे यायचा. डोक्यात बाभळी उभ्या करून तो जागा शोधत होता. शेवटी दिव्याच्या एका खांबाशी उभा राहिला.

"इथून," तो म्हणाला, आणि हात रस्त्याच्या मध्यावर कण्हेरीपर्यंत नेला. "तिथपर्यंत. याच्या मध्ये कुठेतरी. नक्की नाही सांगता येत. माफ कर."

मला तिथे बसायचं होतं. जमिनीला हात लावायचा होता. एक पाऊल मी रस्त्यावर टाकलंसुद्धा, आणि एका मोटारसायकलवाल्याने कचकन ब्रेक दाबून मला शिव्या दिल्या. नवऱ्याने दंडाला धरून मागे ओढलं. आम्ही खांबाशी उभे राहिलो. आमच्यासमोरून कॅबा जात होत्या, कंपन्यांच्या बसेस जात होत्या, आत पोरी डोकं काचेला टेकून झोपलेल्या. त्यांच्यातली एक मी होते, कालपर्यंत.

तो माझ्याकडे वळला. उजेड पडला तेव्हा दिसलं, त्याचे ओठ फाटले होते. "झालं," तो म्हणाला. "एवढंच राहिलं होतं सांगायचं."

आणि तो थांबून राहिला, रोज दारात थांबायचा तसा, जाता न येणाऱ्या माणसासारखा. तो कशासाठी थांबलाय ते मला उशिरा कळलं. कळलं तेव्हा मी खांबाला धरलेला हात सोडला. मग म्हणाले, "घेतलं."

तो गाडीत जाऊन बसला आणि सीट मागेही न करता झोपून गेला. मी त्याला उठवलं नाही. मला गाडी चालवता येत नव्हती. कपाटावरची बॅग उतरवायची आहे आणि ओट्यावरच्या बाटल्या आत ठेवायच्या आहेत, एवढं एकदा मनात आलं. मग मी काच खाली करून, खांब आणि कण्हेर यांच्या मधल्या डांबराकडे बघत बसले. एकामागून एक गाड्या तिच्यावरून जात होत्या. सगळ्यांना लवकर घरी पोचायचं होतं.